धडधड कोणत्या आठवणीने सुरू होते? नागपूरकरांचे अनुभव

मार्च संपत आला की घरोघरी कूलर निघतात, त्यांच्या वाळ्याच्या ताट्या बदलल्या जातात आणि माझ्या छातीत धडधड सुरू होते. उन्हामुळे नाही, वाळ्याच्या वासामुळे. 2021 च्या एप्रिलमध्ये बाबांना घरीच ऑक्सिजन लावला होता, कारण खाट कुठेच मिळत नव्हती. कूलरचं तोंड त्यांच्या पलंगाकडे, आणि खोलीभर ओल्या वाळ्याचा वास. त्यातच ते गेले. पुढच्या उन्हाळ्यात कूलर सुरू केला अन् हातपाय गार, बोटांना मुंग्या, श्वास पुरेना. ईसीजी नीट निघाला. डॉक्टर म्हणाले, पॅनिक अटॅक, म्हणजे भीतीचा झटका.

मग ताट्या काढून हनीकॉम्बचे पॅड बसवले. पण शेजारच्या कूलरचं काय करणार? समुपदेशक म्हणाल्या, वास टाळू नका, थोडाथोडा घ्या. वाळ्याची जुडी आणली, हातात धरून बसले, घाबरले, तरी उठले नाही. असं बरेच दिवस चाललं. एका दुपारी आठवलं, लहानपणी माठात वाळा टाकायचे ते बाबाच. आता आमच्या माठात वाळा असतो. कूलरमध्ये अजून नाही.

तुमची धडधड कशाशी बांधलेली आहे? काय केल्याने फरक पडला आणि कशाने नाही, दोन्ही लिहा.

अंबाझरी परिसरातून

23 सप्टेंबर 2023 ची पहाट. तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी वस्तीत शिरली. आम्ही तळमजल्यावर. झोपेत पलंगावरून पाय सोडला तो थेट पाण्यात. फ्रिज आडवा होऊन तरंगत होता आणि अंधारात इन्व्हर्टर टूं-टूं करत होता.

गंमत म्हणजे पावसाची भीती मला फारशी नाही. इन्व्हर्टरची आहे. मे महिन्यात लाईट गेली, तो वाजला, की मी ताडकन उठून बसते. आभाळ कोरडं आहे हे डोक्याला कळतं, पायांना कळत नाही. आधी दर वेळी टॉर्च घेऊन नाला बघून यायचे. तेवढ्यापुरतं बरं वाटे, मग पुन्हा तीच हुरहुर. मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी ते बघून येणंच हळूहळू बंद करायला लावलं. उठायचं नाही, तळवे फरशीवर टेकवायचे, कोरडी लागते ना, बस. ऐकायला सोपं आहे, पहिल्या रात्री रडू कोसळलं होतं. नवरा म्हणतो, बझरची वायरच कापून टाकतो. मीच नको म्हणते.

आयटीवाला, त्रिमूर्ती नगर

माझ्याकडे अशी कुठलीच आठवण नाही. सीताबर्डीला मेट्रो बदलताना भर गर्दीत पहिला झटका आला. रात्रभर जागरण, रिकाम्या पोटी कॉफी, एवढंच कारण. पण तो झटका हीच आता आठवण होऊन बसली आहे. जिना चढून दम लागला तरी वाटतं, आला! उपचारात माझ्याकडून मुद्दाम जिने चढवून घेतले, ठोके वाढू दिले, आपोआप कमी होताना बघायला लावलं. त्याचा फायदा झाला. ‘लहानपणी काय झालं होतं ते आठव’ म्हणून मागे लागणाऱ्या नातेवाइकांचा झाला नाही.

निवृत्त परिचारिका

कूलरवाल्या ताई, वासाचा संदेश मेंदूतल्या अमिग्डला या भीतीशी संबंधित भागाकडे फार जवळच्या वाटेने जातो. विचार सुरू व्हायच्या आत अ‍ॅड्रेनलिन हे धडधड वाढवणारं संप्रेरक सुटलेलं असतं. घाईघाईने श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मुंग्या त्याच्याच. म्हणून श्वास सोडणं लांबवा. झटका बहुधा दहाएक मिनिटांत शिगेला पोचतो आणि उतरतो. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय करू नका, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो जिवावर बेतू शकतो. आणि छातीत पहिल्यांदाच दुखलं तर ‘पॅनिकच असेल’ म्हणत घरी बसू नका, आधी तपासून घ्या. रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

ऑटोवाला

मले सायरनचं होते. भाऊले घेऊन ॲम्ब्युलन्समध्ये मीच बसलो होतो. तेव्हापासून मेडिकल चौकात सायरन वाजला का हात थरथरते. मंग मी चौकच सोडून दिला. सवारी म्हणे, काहून फिरवून राहिले भाऊ, पैसे वाढवून राहिले का? आता काय सांगावं त्यायले! चौक सुटला तं मंग तो पूर्ण रस्ताच नको वाटे. भीती अशी पसरते राजेहो.

धडधड झाली का खर्रा टाकत होतो. डॉक्टरनं सांगतलं, तंबाखूनं ठोके अजून वाढते. आता गाडी बाजूले लावतो अन् समोरच्या गाड्यांचे नंबर मोठ्यानं वाचतो. एमएच 31, एमएच 49, एखादा एमएच 40. सवारी पाहातच राह्यते माह्याकडे. पाहू द्या. खर्रा कमी झाला, सुटला नाही.

इंदोऱ्याहून

लहानपणी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर हरवलो होतो. आईचा पदर सुटला आणि चहूकडे नुसते पाय. मोठेपणी आठवडी बाजारातसुद्धा घाम फुटायचा. आनापान शिकलो, नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास बघत राहायचं. घरी छान जमतं, गर्दीत निम्मंच. खरा आधार वेगळाच मिळाला. एकदा आई सहज म्हणाली, तू सापडलास तेव्हा एका म्हातारबाबांच्या खांद्यावर बसून केळं खात होतास. हे मला आठवतच नव्हतं. भीतीचा भाग तेवढा लख्ख, पुढचं सगळं पुसलेलं.

मागच्या दसऱ्याला मुलीला घेऊन गेलो. तिच्या मनगटावर पेनाने माझा नंबर लिहिला, कडेकडेने चाललो, जीव घाबरला तेव्हा पुस्तकांच्या स्टॉलमागे टेकलो. तेवढ्यात तिने चार पुस्तकं उचलली होती, पैसे मला द्यावे लागले.