मानवी हक्क शिकवायचे कसे? (वर्ग इंजिनिअरिंगचा)

थर्मोवाला:
मी मूळचा मेकॅनिकलचा. यंदा 'मानवी हक्क आणि नीतिशास्त्र' माझ्या गळ्यात पडलंय. पहिल्या तासाला संयुक्त राष्ट्रांचा १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा घेतला. ३० पैकी तिसऱ्या कलमालाच मागचे बाक पेंगायला लागले. एकाने तर सरळ विचारलं, "सर, पीपीटी पाठवताय ना?" त्याचं काय चुकलं? मी तरी वाचूनच दाखवत होतो. कुणी हा विषय नीट शिकवलाय का?

ओरिंग:
जाहीरनामा तूर्त बाजूला ठेवा. नासाच्या चॅलेंजर अवकाशयानाचा अपघात घ्या, पण नाव न सांगता. "मशीनमध्ये रबरी सील आहेत, उद्या तापमान शून्याच्या आसपास. चालवायचं का?" एवढंच सांगा. सील खराब झाले त्या सातच वेळांचे आकडे द्या आणि प्रत्येकाला 'हो' किंवा 'नाही' लिहून खाली सही करायला लावा. सही हवीच, नाहीतर पोरं टाइमपास करतात. मग सगळी उड्डाणं दाखवा: १८ अंशांखालच्या चारही वेळा सील बिघडले होते, त्यावरच्या वीसपैकी फक्त तीनदा. २८ जानेवारी १९८६, सात जण गेले, हे सगळ्यात शेवटी. आदल्या रात्री यानाचे रॉकेट बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या ॲलन मॅकडोनाल्ड यांनी उड्डाणाच्या मंजुरीवर सही करायला नकार दिला होता. ती मग त्यांच्या वरिष्ठांनी केली.

सोल्डरताई:
ही झाली नीती. हक्कांसाठी पल्स ऑक्सिमीटर उघडा. लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश बोटातून जातो, किती शोषला गेला त्यावरून ऑक्सिजन ठरतो. आता विचारा, कॅलिब्रेशन (आकडे बरोबर येतील असं यंत्र जुळवणं) कुणाच्या बोटांवर केलं? २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांवरचा एक अभ्यास आला. लपून राहिलेली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांमध्ये जवळपास तिप्पट वेळा ऑक्सिमीटरच्या नजरेतून सुटत होती. एवढं झालं की जाहीरनाम्याचं भेदभावाविरुद्धचं दुसरं कलम फळ्यावर लिहा. कुणी पेंगणार नाही.

जुनाबॅकबेंचर:
वर्गात सगळेच हरिश्चंद्र. नोकरीत साहेबासमोर कोण तोंड उघडतंय? त्याच रात्री उड्डाणाला विरोध करणारे त्याच कंपनीचे इंजिनिअर रॉजर बोइजोली यांना नंतर कंपनीत वाळीत टाकलं गेलं, हेही सांगा पोरांना.

थर्मोवाला:
सांगितलं. काल सीलचा तास घेतला. बहुतेकांनी 'हो' लिहून बिनधास्त सही ठोकली. पीपीटीवाला मात्र कागद कोराच ठेवून म्हणाला, "सर, बिघाड न झालेल्या वेळांचे आकडे कुठायत?" मी दोन मिनिटं गप्पच. सोल्डरताई, पुढच्या तासाला ऑक्सिमीटर त्याच्याच हातात देतोय. जुना उघडला तर चालेल ना?