मदत हवी आहे: मॅन्युअल मोडमध्ये घरातले फोटो काळपट येतात, पट्टेही पडतात

कॅमेरा एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा, सोबत मिळालेली १८-५५ मिमीची झूम होणारी किट लेन्स (एफ/३.५-५.६; एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). बाहेर उन्हात एम मोड जमतो, पण संध्याकाळी घरात एलईडी ट्यूबच्या उजेडात मुलांचे फोटो काढताना घोडं अडतं. शटर १/२५० सेकंद, ॲपर्चर (लेन्सचं उजेड आत सोडणारं भोक) एफ/५.६, आयएसओ (फोटो किती उजळवायचा त्याची सेटिंग) ८०० ठेवलं की फोटो काळपट, आणि त्यात तीन-चार आडवे पट्टे. शटर १/३० वर आणलं तर पट्टे जवळजवळ जातात, पण मुलं हललेली येतात. आयएसओ वाढवला की दाणे दिसतात म्हणून हात आखडतो. आधी काय बदलायचं? ऑटोवर परत जायचं नाहीये.

प्रतिसाद १

आधी पट्टे, कारण शटर स्पीड त्यांच्यावरूनच ठरणार आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. साध्या ड्रायव्हरची (एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटची) ट्यूब सेकंदाला १०० वेळा तेज-मंद होते, डोळ्यांना ते कळत नाही. एका फेरीला १० मिलिसेकंद लागतात आणि १/२५० म्हणजे फक्त ४. त्यामुळे सेन्सरच्या काही ओळींच्या वाट्याला तेज उजेड येतो, काहींच्या मंद. १/१०० ला प्रत्येक ओळीला अख्खी एक फेरी मिळते, १/५० ला दोन. घरात या दोनपैकीच एक ठेवा. (अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथल्या मंडळींनी १/६० किंवा १/१२५ घ्यावा.)

एकाच फोटोत तीन-चार पट्टे म्हणजे बहुधा सायलेंट, म्हणजेच इलेक्ट्रॉनिक शटर चालू आहे. असं शटर सेन्सर ओळीओळीने सावकाश वाचतं. मेनूत जाऊन मेकॅनिकल शटर निवडा.

प्रतिसाद २

वरचं बरोबर. आता क्रम असा: शटर १/१०० वर पक्का, ॲपर्चर पूर्ण उघडं (१८ मिमीला एफ/३.५), उरलेली कसर आयएसओने भरून काढायची. साधारण दिवाणखान्यात २००० ते ३२०० लागतोच.

तुमच्या सेटिंगशी ताडून पाहा. १/२५० वरून १/१०० ला आलात की अडीचपट उजेड, एफ/५.६ वरून ३.५ ला आलात की आणखी अडीचपट. सेन्सरवर सहापटीहून जास्त उजेड पडला, तोही आयएसओला हात न लावता. दाणे मुळात उजेड कमी पडल्यामुळे येतात. आयएसओ ८०० ला काळा फोटो काढून संगणकावर उजळवलात तर दाणे ३२०० च्या फोटोइतकेच येतात, कित्येकदा जास्तच, शिवाय सावलीतले रंग बिघडतात ते वेगळंच. तेव्हा ३२०० बिनधास्त वापरा, फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) घ्या.

धागाकर्ता

मेकॅनिकल शटर आणि १/१०० केल्यावर पट्टे गेले, आभार! पण झूम करून चेहरा जवळ घेतला की त्याच सेटिंगवर फोटो पुन्हा काळवंडतो. आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर छान दिसलेला फोटो संगणकावर काळपट का दिसतो?

प्रतिसाद ३

किट लेन्सचं ॲपर्चर झूमबरोबर आपोआप बारीक होतं. ५५ मिमीला ते एफ/५.६ पेक्षा मोठं उघडतच नाही, म्हणजे उजेड निम्म्याहून कमी. झूम २४-२८ मिमीच्या आसपास ठेवा आणि स्वतः जवळ जा. अगदी १८ वर चेहऱ्याला भिडू नका, नाक मोठं दिसतं.

अंधाऱ्या खोलीत स्क्रीन आहे त्यापेक्षा उजळ भासते, तिच्यावर विसंबू नका. हिस्टोग्राम (फोटोतल्या गडद-उजळ छटांचा आलेख, डावीकडे गडद) पाहा. सगळा ढीग डावीकडे कोंबलेला असेल तर एक्स्पोजर (फोटोला मिळालेला उजेड) कमी पडलंय.

लेन्स घ्यायचीच असेल तर ३५ किंवा ५० मिमी एफ/१.८. एफ/५.६ च्या मानाने उजेड जवळजवळ दहापट. मात्र ५० मिमीने दीड मीटरवरून एफ/१.८ ला जेमतेम ६ सेंमी खोलीच फोकसमध्ये राहते. एक डोळा स्पष्ट आणि कान धूसर, असं होतं. दोन मुलं पुढेमागे बसली असतील तर ॲपर्चर एफ/४ पर्यंत तरी बारीक करावं लागतं.

प्रतिसाद ४

मी एम मोडमध्येच ऑटो आयएसओ लावा म्हणेन, कमाल मर्यादा ६४०० ठेवून. शटर आणि ॲपर्चर तुमच्या हातात राहतात आणि झूम केल्यावर आयएसओ आपोआप सावरतो. प्रतिसाद २ मधला क्रम आधी आठवडाभर हाताने करा, मग हे. नाहीतर मीटर (कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा भाग) काय सांगतो ते कळतच नाही.

मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या छटेचं धरून चालतो. पांढरी भिंत, पांढरा झब्बा असला की तो फसतो आणि फोटो मळकट येतो. अशा वेळी, ऑटो आयएसओ चालू असेल तर, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या अंदाजापेक्षा फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +१ करा. काळ्या सोफ्यावर मूल बसलं असेल तर -१.

१/१०० ला धावणारं मूल हललेलंच येणार, त्याला १/५०० लागतो आणि तेवढा उजेड ट्यूबखाली नसतो. दिवसा खिडकीपाशी, तोंड खिडकीकडे करून बसवलंत तर मिळेल. तेव्हा ट्यूब मात्र बंद करा, नाहीतर चेहऱ्याची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट येते, आणि कुठलाही व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार फोटोचे रंग जुळवायची सेटिंग) दोन्ही एकदम सुधारू शकत नाही.