हिप्पोकॅम्पसच्या नमुन्यांत लॅक्टेट फार येते: दोष अर्कात की त्याआधीच?

प्रश्न (संशोधिका, पुणे):
नमस्कार. विस्टार जातीच्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील (मेंदूच्या खोलातला, स्मरणाशी निगडित भाग) मेटाबोलाइट, म्हणजे चयापचयातले लहान रेणू, एनएमआरवर (चुंबकीय क्षेत्रात रेणू ओळखून मोजणारे तंत्र) मोजण्याचे माझे काम चालू आहे. शिरच्छेदानंतर कवटी उघडून मेंदू काढायला मला दीड मिनिट लागते, बर्फावरच्या काचेच्या बशीत दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस सोडवायला आणखी तीन-चार मिनिटे जातात, आणि मगच तुकडे द्रवरूप नायट्रोजनमध्ये पडतात. स्पेक्ट्रमच्या पट्टीवर १.३३ पीपीएम या जागी येणारे लॅक्टेटचे (ऑक्सिजनविना ग्लुकोज मोडल्यावर बनणारा रेणू) शिखर इतके उंच येते की शेजारची सगळी शिखरे खुजी वाटतात. ग्लुकोज जवळजवळ दिसतच नाही. शिवाय निरोगी गटातल्याच दोन उंदरांत लॅक्टेटचा जेवढा फरक आहे, तेवढा निरोगी आणि औषध दिलेल्या गटांतही नाही. मिथेनॉल-क्लोरोफॉर्मच्या अर्कात दोन द्रवांमधला प्रथिनांचा थर पसरत असल्यामुळे दोष तिथेच आहे, असे माझ्या मार्गदर्शकांचे मत आहे. तपासायला सुरुवात कुठून करावी?

उत्तर १ (एनएमआर विभागातून):
अर्काकडे वळण्याआधी आपल्याच स्पेक्ट्रामध्ये २.०१ पीपीएमवरचे एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट आणि ३.०३ पीपीएमवरचे क्रिएटिन यांचे गुणोत्तर सगळ्या नमुन्यांत काढून पाहा. अर्कच बिघडला असेल, तर पाण्यात विरघळणाऱ्या या सगळ्याच रेणूंना थोडाफार फटका बसायला हवा. ते गुणोत्तर स्थिर राहून एकटे लॅक्टेटच खालीवर होत असेल, तर अर्क निर्दोष समजा.

ज्यांची प्रथिने मोजण्याची पद्धत आपण प्रात्यक्षिकात करतो, त्या ऑलिव्हर लाऊरी यांनी सहकाऱ्यांसह १९६४ मध्ये दाखवले होते की, रक्तपुरवठा तुटताच मेंदूतले फॉस्फोक्रिएटिन आणि पाठोपाठ एटीपी (दोन्ही पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) झपाट्याने घसरते, आणि ग्लुकोज व ग्लायकोजेन (ग्लुकोजचा साठवलेला प्रकार) लॅक्टेटच्या वाटेला लागतात. एका ग्लुकोजपासून दोन लॅक्टेट होतात, त्यामुळे साठा लहान असला तरी शिखर डोंगराएवढे दिसते. आपल्या पाच मिनिटांत तो साठा बहुतेक संपलेलाच असतो. म्हणजे आपण जे मोजता ते जिवंत मेंदूतले लॅक्टेट नसून, मरणाच्या क्षणी तिथे किती ग्लुकोज आणि ग्लायकोजेन शिल्लक होते याचा हिशेब आहे.

उत्तर २ (मास स्पेक्ट्रोमेट्री करणारा):
वरील म्हणण्याशी सहमत आहे, पण केवळ हात चपळ करून हा प्रश्न सुटणार नाही. डोक्यावर केंद्रित होणारे मायक्रोवेव्ह उपकरण एक-दोन सेकंदांत विकरे निकामी करते आणि मेंदू घट्ट झाल्यामुळे नंतर निवांत कापता येतो. ते नसेल, तर गोठवण्याचा वेग वाढवावा. तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब जसा वाफेवर तरंगत नाचतो, तसेच नायट्रोजनमध्ये टाकलेल्या तुकड्याभोवती वायूचे आवरण तयार होते आणि तो वाटतो तितक्या लवकर गोठत नाही. नायट्रोजनमध्ये गार केलेल्या दोन ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यांत दाबलेला तुकडा त्याहून कितीतरी लवकर गोठतो.

संशोधिका:
आमच्याकडे तसे उपकरण नाही. घरगुती मायक्रोवेव्ह चालेल का? आणि आयसोफ्लुरेनची भूल देऊन मेंदू काढला, तर काही फरक पडेल का?

उत्तर ३ (निवृत्त, चेताजीवरसायन):
घरगुती मायक्रोवेव्ह नको. त्यात ऊर्जा विखुरते, मेंदू एकसारखा तापत नाही, आणि प्राण्याच्या दृष्टीनेही ते अत्यंत क्रूर आहे. कोणतीही प्राणी-नीतिशास्त्र समिती त्याला परवानगी देणार नाही. आयसोफ्लुरेनमुळे मेंदूतले लॅक्टेट स्वतःच वाढते, त्यामुळे एका दोषाच्या जागी दुसरा येऊन बसेल. मी आपल्या जागी असतो, तर अख्खे डोके लगेच गोठवून क्रायोस्टॅटमध्ये (गोठलेली ऊती गारच ठेवून कापण्याचे यंत्र) उणे २० अंशांच्या आसपास हिप्पोकॅम्पस काढला असता. हिप्पोकॅम्पस खोलवर असल्यामुळे थंडी पोहोचेपर्यंत बरेच सेकंद जातात, तेव्हा लॅक्टेट आणि एटीपीबद्दल निष्कर्ष काढण्याचे टाळून ग्लुटामेट, मायो-इनोसिटॉल अशा तुलनेने स्थिर रेणूंवर भर द्यावा. गाबा हा चेतापेशींतला संदेशवाहक रेणूही मृत्यूनंतर वाढत असल्याने त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

आता मधल्या थराविषयी. मेंदूत जवळपास ८० टक्के पाणीच असते. म्हणजे १०० मिलिग्रॅम ऊतीतून सुमारे ८० मायक्रोलिटर पाणी आपोआप अर्कात येते, आणि ते हिशेबात धरूनच मिथेनॉल, क्लोरोफॉर्म व पाणी यांचे अंतिम प्रमाण २:२:१.८ असे जुळवायचे असते. एवढे पाळून थंड सेंट्रिफ्यूज केले, की प्रथिनांचा थर दुधावरच्या सायीसारखा घट्ट बसतो. वरचा थर घेताना शेवटचे थोडे द्रावण मोह न करता सोडून द्यावे. गोठलेला तुकडा खलात कुटताना तो रव्यासारखा कोरडा राहायला हवा. लोण्यासारखा कडेला माखला, तर तो वितळला असे समजून नमुना बाद करावा. वजनही झटपट करावे, कारण नळीवर जमणारे दव लहान तुकड्याच्या वजनात सहज मिसळते.

संशोधिका:
आपले सर्वांचे आभार. जुने बारा स्पेक्ट्रा काढून पाहिले. एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट आणि क्रिएटिनचे गुणोत्तर सर्वांत जवळपास सारखे आहे. मग वही उघडली. लॅक्टेट सर्वाधिक असलेले निरोगी उंदीर सकाळी लवकर, म्हणजे रात्रभर खाऊन झाल्यावर घेतलेले होते, उरलेले दुपारी. औषध दिलेला गट मात्र मी आजवर दुपारीच घेत आले आहे.