आईसाठी इलेक्ट्रिक कुकर घ्यावा का? (सोसायटी ग्रुप)

बी-४०२: नमस्कार मंडळी 🙏 सल्ला हवाय. आई दुपारी घरी एकटी असते, वय ७६. कुकर लावते आणि पूजेला बसते. ऐकू कमी येतं, त्यामुळे शिट्ट्या कळत नाहीत. परवा पाणी आटून तळ काळा झाला, करपल्याचा वास शेजारच्या ताईंना आला म्हणून त्यांनी बेल वाजवली. इलेक्ट्रिक कुकर घ्यावा म्हणतेय. आईचं म्हणणं, "माझा वरण-भात त्यात व्हायचा नाही." कुणाकडे आहे का?

ए-१०३: आमच्याकडे आहे, रोजच्या वापरात. वरण-भात उत्तम होतो, आईंना सांग. छोले-राजमा तर फारच छान. बटण दाबलं की आपण मोकळे. दाब धरला की वेळ मोजायला तोच सुरुवात करतो आणि वेळ संपली की नुसता गरम ठेवतो. झाकण दाब उतरेपर्यंत उघडतच नाही.

सी-२०१: पण वेळ लागतो काकू. गॅसवरच्या कुकरचा दाब चौरस इंचाला १५ पौंड, आत साधारण १२१ अंश. बहुतेक इलेक्ट्रिकमध्ये दाब त्याहून कमी, म्हणजे ११५-११७ अंशांच्या आसपास. शिवाय आधी दाब यायला दहा मिनिटं आणि नंतर वाफ जिरायला पुन्हा तेवढीच. डब्यावर "८ मिनिटांत डाळ" लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात अर्धा तास धरून चाला.

ए-१०३: हो, ते खरं. घाईच्या सकाळी मी अजून गॅसच पेटवते. आणि रिंगला वास धरतो हं. मटण शिजवलेल्या रिंगवर खीर करू नका. मी दोन रिंगा ठेवल्यात, गोडाची वेगळी.

डी-३०५: गुरुवारी लाइट गेली की काय करणार? आपल्या पुण्यात तो वारच ठरलेला.

बी-४०२: गुरुवारी मी घरून काम करते, तो प्रश्न नाही.

ए-५०३: ताई, थोडं सविस्तर लिहितो. भांडी आणि कुकर दुरुस्तीचं दुकान आमच्या घरात बरीच वर्षं होतं, त्यामुळे या विषयात मला मनापासून रस आहे.

तुमची अडचण गॅस आपोआप बंद होत नाही ही आहे. कुकर बदलण्याआधी तेवढंच सोडवता येतं का बघा. इंडक्शनची शेगडी आणि इंडक्शन तळाचा साधा कुकर घ्या. शेगडीला टायमर असतो. आईंनी डबे नेहमीसारखे लावायचे, शेगडीवर वेळ टाकायची आणि खुशाल पूजेला बसायचं. वेळ संपली की शेगडी बंद. शिट्टी ऐकू आली काय, नाही आली काय, काही बिघडत नाही. किती मिनिटं लागतात ते तुम्ही एका रविवारी शेजारी उभं राहून ठरवा आणि तो आकडा कागदावर लिहून भिंतीला चिकटवा.

यात मोठा फायदा डब्यांचा. आपल्याकडे खाली डाळ, वर भात, त्यावर बटाटे असा मजला चढतो. इलेक्ट्रिकचं आतलं भांडं पसरट, उंचीला कमी. दोन बसके डबे बसतात, आईंच्या हातातले उंच डबे बहुधा बसणार नाहीत. घ्यायचाच असेल तर टेप घेऊन दुकानात जा आणि आतली उंची मोजा. नुसते लिटर बघून कळत नाही.

जुना ॲल्युमिनियमचा कुकर मात्र इंडक्शनवर चालणार नाही. तळाला फ्रिजवरचं मॅग्नेट लावून बघा, घट्ट चिकटलं तर चालेल. शेगडी २००० वॅटची असेल तर तिला १६ अँपिअरचा पॉइंट लागतो, एक्स्टेन्शन बोर्डवर अजिबात लावू नका. आणि आईंना पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हे नक्की करा.

आता सध्याच्या कुकरबद्दल. तळ काळा झाला म्हणजे तो कोरडा तापला. अशा वेळी सेफ्टी व्हॉल्वमधला धातू वितळून वाफेला वाट देतो, त्यासाठीच तो बसवलेला असतो. तो गेला असेल तर त्याच कंपनीचा नवा टाका, दुसऱ्याचा ठोकून बसवू नका. रिंग काढून बोटांनी वाकवा. कडक लागली किंवा बारीक चिरा दिसल्या तर लगेच बदला. वजन उचलून शिट्टीची नळी उजेडाकडे धरा, आरपार दिसलं पाहिजे. डाळीचा फेस तिथेच बसतो. म्हणूनच डाळ-तांदूळ थेट कुकरमध्ये शिजवताना तो अर्ध्याच्या वर भरू नये. दुकानात आलेल्या बिघडलेल्या कुकरांमध्ये ही नळी तुंबलेली फार दिसायची, आणि ती साफ करायला एक सुई पुरते.

बी-४०२: दादा, किती नीट सांगितलंत 🙏 पेसमेकर नाही. टायमरचं डोक्यातच आलं नव्हतं. पण आईला शेगडीची बटणं जमतील का?

ए-१०३: माझ्या सासूबाईंना जमली. बटणांवर इंग्रजी होतं, मी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आणि खाली मराठीत चिठ्ठी चिकटवली, "वरण-भात". त्या एवढंच बटण दाबतात.

सी-२०१: खर्चाचं म्हणाल तर १००० वॅटचा इलेक्ट्रिक कुकर सलग तासभर चालला तर १ युनिट. पण दाब आला की तो मधूनमधूनच तापतो, त्यामुळे एका वेळच्या वरण-भाताला अर्ध्या युनिटच्या आतच जातं. बिलाची काळजी करून ठरवू नका.

डी-३०५: दोघं नोकरीला जाणारे असतील तर मी इलेक्ट्रिकच घ्या म्हणेन. पण ते उशिरा सुरू करायचं बटण असतं ना, त्यावर भिजवलेली डाळ एप्रिल-मेमध्ये सकाळपासून ठेवू नका. आंबते.

ए-५०३: अगदी बरोबर. ताईंच्या घरी मात्र हात सरावलेला आहे आईंचा. त्यांचा कुकर, त्यांचे डबे, फक्त आच स्वतः बंद होणारी. शिकायचं कमीत कमी राहील.

ए-१०३: बी-४०२, रविवारी ११ नंतर आईंना घेऊन ये. माझ्याकडे इंडक्शन आणि इलेक्ट्रिक दोन्ही आहेत. त्यांचे डबे आण, त्यांच्याच हातांनी दोन्हीवर लावू दे.

बी-४०२: येते काकू. तांदूळ-डाळ आमची.