मदत हवी आहे: जेपेगचं टार-जीझेड आकसेना, पेन ड्राइव्हवर चढेना

हळकुंड_सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेबाचं काम बघतो. मशीनवर उबुंटू आहे. २०१९ च्या पुरानंतर शेठनी जुन्या पट्ट्या आणि सौद्यांच्या वह्या स्कॅन करून घेतल्या. सगळ्या जेपेग, मिळून ३८ जीबी. एक प्रत विट्याला शेठच्या लेकीकडे ठेवायचीय (टेंभू उपसा योजनेच्या पंपांनी चढवल्याशिवाय कृष्णेचं पाणी तिथं जात नाही, हे शेठचं गणित), दुसरी मिरजेच्या सीएंकडे. त्यांच्याकडे विंडोज.

टार (फाइली एकत्र बांधणारी कमांड) ला सी, झेड, एफ हे पर्याय देऊन अख्ख्या फोल्डरची एकच फाइल केली (झेड म्हणजे जीझिपनं दाबणं). रात्रभर पंखा घरघरत होता आणि सकाळी फाइल ३७ जीबीची! पेन ड्राइव्ह ६४ जीबीचा, कोरा करकरीत, तरी कॉपी ४ जीबीला थांबते आणि 'फाइल टू लार्ज' म्हणते. बरं, दर महिन्याच्या नव्या पट्ट्या त्याच फाइलीत घालाव्यात म्हणून आर (भर घालायचा) पर्याय दिला, तर 'कॅनॉट अपडेट कम्प्रेस्ड आर्काइव्हज्'. आणि सीएंना नमुन्याची छोटी टार पाठवली होती, ती उघडली पण 'राजापुरी_पट्टी_मार्च' अशा नावांच्या जागी नुसता चिवडा दिसतोय.

जीझिपऐवजी एक्सझेड (फाइल दाबायचाच दुसरा प्रकार) वापरलं तर आकार उतरेल का? बाकीच्यावर उपाय काय?

टर्मिनल_तात्या

एक्सझेड, लेव्हल ९. जीझिपपेक्षा कधीही सरस. वेळ लागेल, पण आकार नक्की उतरेल.

कृष्णाकाठ

तात्या, मजकुराच्या फाइलींसाठी बरोबर आहे, इथं नाही. जेपेग तयार होतानाच दाबलेलं असतं, आतला डेटा हफमन कोडिंगमधून (डेटा दाबायची एक पद्धत) गेलेला असतो. त्यावर जीझिप लावा नाहीतर एक्सझेड, एक-दोन टक्के पदरात पडणार आणि वीजबिल शेठच्या माथी.

हळकुंडभाऊ, टार म्हणजे पोत्यात माल भरणं, जीझिप म्हणजे ते पोतं दाबणं. ही दोन वेगळी कामं आहेत. टार मुळात टेपवर साठवण्यासाठी आलं, १९७९ च्या युनिक्स व्हर्जन ७ मध्ये. जीझिप १९९२ चं. तुम्हाला फक्त पहिलं काम हवंय, म्हणून झेड काढून टाका. साध्या टारमध्ये आर चालतो, महिन्याची भर तिथंच सुटली.

४ जीबीचा दोष टारचा नाही. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये (ड्राइव्हवर फाइली मांडायची जुनी पद्धत) फॉरमॅट केलेला असणार. त्यात एक फाइल ४ जीबीच्या पुढं जातच नाही, जागा कितीही मोकळी असो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा (आतलं सगळं पुसलं जातं, आधी बघून घ्या). उबुंटू आणि विंडोज दोन्ही वाचतात. स्प्लिट कमांडनं तुकडेही पाडता येतील, पण मग ते क्रमानं जोडायचं काम सीएंच्या गळ्यात. कशाला?

नावांचं असं: उबुंटूचं टार स्वतःच्या जीएनयू फॉरमॅटमध्ये लिहितं, त्यात नावं यूटीएफ-८ मध्ये (देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) आहेत असं कुठं नोंदलेलं नसतं. विंडोज १० मध्ये २०१८ पासून टार आहे, पण ते अशा वेळी आपल्या कोडपेजनं (विंडोजचा जुना अक्षरतक्ता) वाचतं. फाइल बनवताना फॉरमॅट पॅक्स द्या. त्यात नाव यूटीएफ-८ म्हणूनच लिहिलं जातं.

टर्मिनल_तात्या

मान्य. पण मग सगळं एकाच फाइलीत कशाला कोंबायचं? वर्षाला एक टार करा. आणि झेड काढलं की एक गोष्ट हातची जाते: जीझिप शेवटी सीआरसी (डेटावरून काढलेला तपासणीचा आकडा) लिहितं, साधं टार फक्त हेडरची (प्रत्येक फाइलीआधीची नाव-आकाराची नोंद) बेरीज ठेवतं. स्कॅनमध्ये एखादा बिट उलटला तर टार अवाक्षर काढणार नाही. म्हणून एसएचए२५६सम या कमांडनं काढलेली, प्रत्येक फाइलीच्या तपासणी-आकड्याची यादी सोबत ठेवाच.

कृष्णाकाठ

लाख बोललात. उलट बाजूही आहे: टार-जीझेड मधेच बिघडलं तर त्यापुढचं बहुधा सगळं गेलं. साध्या टारमध्ये प्रत्येक फाइलीचं हेडर वेगळं, एक पट्टी गेली तरी पुढच्या हेडरपासून वाचता येतं. विट्याच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून राहणाऱ्या ड्राइव्हसाठी मी तरी साधं टारच घेईन.

हळकुंड_सांगली

२०१८ चं वर्ष करून बघितलं. झेडशिवाय, पॅक्समध्ये. चहा येईपर्यंत फाइल तयार! एक्सफॅटवर चढली, आणि सीएंचा आत्ताच फोन आला, 'राजापुरी' व्यवस्थित वाचता येतंय. एकच राहिलं: खतावणीच्या सीएसव्ही फाइली आहेत, त्याही अशाच नेऊ का?

टर्मिनल_तात्या

त्या मजकुराच्या. आता लावा एक्सझेड. मात्र त्यांचं टार वेगळं करा, पट्ट्यांच्यात मिसळू नका. ड्राइव्ह काढताना इजेक्ट करून मगच उपटा.