बाळाला शेंगदाणा कधी द्यायचा? आणि मामांच्या कानाचं मशीन (घर एकच, प्रश्न दोन)

चटणीवाली_काकू

नमस्कार मंडळी. दोन वेगळे धागे काढायला वेळ नाही, म्हणून एकातच विचारते.

आमचं घर सोलापुरात, अशोक चौकाच्या पुढं. गेली चौदा वर्षं घरूनच शेंगा चटणी करून देते. आठवड्याला पंधरा-वीस किलो जाते, गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) दिवसांत दुप्पट. मिक्सरला हात लावत नाही, उखळातच कुटते, तेल सुटेपर्यंत. सकाळी सहापासून घरात भाजणं, सालं पाखडणं, कुटणं हेच. फरशीवर बोट फिरवलं तरी तेलकट लागतं, आता तुम्हीच समजून घ्या.

लेक बाळंतपणाला आली ती अजून इथंच आहे. नातू परवा सहा महिन्यांचा होतोय. जावईबापू पुण्याला असतात आणि रोज सकाळी ग्रुपवर एक ‘नवीन संशोधन’ टाकतात. मागच्या आठवड्यात परदेशातल्या एका पोराचा व्हिडिओ आला. शेंगदाणा पोटात गेला आणि ओठ, घसा सगळं सुजलं. झालं! तेव्हापासून लेक म्हणतीय, ‘आई, तू चटणी दुसरीकडं कुठंतरी कुट.’ तिनं कुठंतरी वाचलंय की तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा द्यायचाच नाही. नणंदेची सून म्हणती, आता उलटं झालंय, लवकर द्यायचा. मी बी.कॉम. आहे, हिशेब मला कळतो, पण एकच शास्त्र सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरं बोलायला लागलं की माझंच डोकं फिरतंय.

एक सांगायचं राहिलं. बाळाच्या गालावर आणि कोपराच्या आत लालसर, खरबरीत चट्टे आहेत. मालिशवाल्या मावशी घाण्याचं शेंगतेल लावतात. आमच्याच घाणेवाल्याचं, चांगलं असतं.

दुसरा प्रश्न मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. वय ७८. छत्तीस वर्षं चादरीच्या मागावर काढली, एका वेळी दोन माग सांभाळायचे. कान तेव्हापासूनच जात आले. समोरच्याच्या ओठांवरनं बोलणं ओळखतात. करोनात सगळ्यांनी मास्क लावले तेव्हा बिचारे घरात परक्यासारखे बसून असायचे. दीड वर्षापूर्वी एका दुकानातनं मशीन घेतलं, बावीस हजाराला. दुकानदारानं कानात घातलं, ‘येतंय का ऐकू?’ विचारलं, मामा ‘येतंय’ म्हणाले, पैसे दिले, संपलं. तीन दिवस वापरलं. आता ते कपाटात जुन्या घड्याळाच्या डबीत आहे. मामांचं म्हणणं, ‘कुकरची शिट्टी ऐकू येती, माणूस ऐकू येत नाही.’ आता जावईबापूंचा नवा मेसेज, कान गेले की विसरभोळेपणाचा आजार लागतो. खरं आहे का हे? की मशीन विकायची जाहिरात?

---

गल्लीतला_गणपा

काकू, आम्ही शेंगा खाऊनच वाढलो, काय झालं नाही. सगळी परदेशी थेरं. ते संशोधन पण तिकडच्या गोऱ्या पोरांवरच करत असतील, आपल्याकडं कोण करतंय? बाकी अर्ध्या किलोचा भाव सांगा, पुण्याला पाठवायची आहे.

---

मिरजेची_रेसिडेंट

काकू, मी मूळ सोलापूरचीच, सध्या बालरोगात शिकतेय. तुमची लेक आणि नणंदेची सून, दोघी वेगवेगळ्या सालातलं खरं बोलतायत.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००० साली सांगितलं होतं की ज्यांच्या घरात ॲलर्जी आहे त्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका. त्याला भक्कम पुरावा नव्हता, ‘सावध असलेलं बरं’ एवढंच. २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला. त्याच वर्षी एक गंमतशीर तुलना छापून आली. इंग्लंडमधली ज्यू मुलं आणि इस्रायलमधली ज्यू मुलं. इंग्लंडमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी जवळजवळ दहापट! फरक काय, तर इस्रायलमध्ये पोरांना दात यायच्या वयात ‘बाम्बा’ नावाचे शेंगदाण्याचे कुरकुरे हातात देतात.

मग लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या गिडियन लॅक यांनी ‘लीप’ चाचणी केली. ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं, सगळी धोक्यातली: खूप एक्झिमा (खाजरे, खरबरीत चट्टे) असलेली, नाहीतर अंड्याची ॲलर्जी असलेली. निम्म्यांना आठवड्यातनं किमान तीनदा शेंगदाणा, निम्म्यांना पाच वर्षांपर्यंत बंद. निकाल २०१५ ला आला. बंद ठेवलेल्यांत १७ टक्क्यांना ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांत ३ टक्क्यांना. तीच मुलं बारा-तेरा वर्षांची झाल्यावर परत तपासली, २०२४ ला छापलं. मधल्या काळात कुणी खाल्लं, कुणी सोडलं, तरी लवकर खाल्लेल्यांत ॲलर्जी ७१ टक्क्यांनी कमीच.

आता तुमच्या घरापुरतं बोलते. शेंगदाणा पोटातनं आत गेला तर शरीर त्याला ‘आपला’ म्हणायला शिकतं. पण तोच फुटलेल्या, खरबरीत कातडीतनं आत गेला तर शरीर त्याच्याशी वैर धरू शकतं. लॅक यांच्याच २००३ च्या अभ्यासात शेंगतेल असलेली मलमं लावलेल्या बाळांत ॲलर्जीचं प्रमाण जास्त सापडलं होतं. तुमचं बाळ आत्ता नेमकं तसं आहे बघा. घरभर दाण्याचा भुगा, अंगावर चट्टे, वरनं घाण्याचं तेल, आणि पोटात मात्र काही नाही. म्हणून मालिशचं शेंगतेल आजच बंद करा. कुटून झाल्यावर हात धुऊन, साडी बदलूनच बाळाला घ्या.

द्यायच्या आधी ते चट्टे बालरोगतज्ज्ञांना दाखवा. चट्टे तीव्र असतील किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी तपासणी करून मगच शेंगदाणा. सौम्य असतील तर बहुतेक घरीच सुरू करायला सांगतील, भाताची पेज, वरण वगैरे सुरू झाल्यावर. आणि काकू, चटणी नव्हे हं! तिखट, लसूण, मीठ काही नको. अख्खा किंवा अर्धवट दाणाही नको, पाच वर्षांपर्यंत नकोच, श्वासनळीत अडकतो. भाजलेले, साल काढलेले दाणे अगदी गंधासारखे वाटून उकळून गार केलेल्या पाण्यात पातळ करा. दाणे ताजे घ्या. खवट, काळपट, बुरशीचा वास येणारे अजिबात नकोत, त्यात अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, असू शकतं. पहिल्या दिवशी चमच्याच्या टोकावर, दिवसा, बाळ बरं असताना. दहा मिनिटं थांबा, मग बाकीचं हळूहळू. दोन तास लक्ष ठेवा. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या लागल्या किंवा श्वास घरघरला तर थेट दवाखाना, फोन करत बसू नका. सोसलं तर मात्र मध्येच सोडायचं नाही. ‘लीप’मध्ये आठवड्याला ६ ग्रॅम प्रथिनं जायची. दाण्यात साधारण पाव भाग प्रथिनं असतात, म्हणजे आठवड्याभरात मिळून २४-२५ ग्रॅम दाणे. एवढं वजन तुमच्या हाताला काट्याशिवाय कळेल.

---

तुळजापूरची_लेक

विषय सोडून लिहितेय, पण गणपाभाऊंचं ‘आपल्याकडं कोण करतंय’ वाचून राहवलं नाही. भाऊ, सोलापुरातनं बार्शीची एसटी पकडा. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी तिथं १९८७ ला सुरू झाली. आणि १९९९ पासून बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या आणि मुंबईच्या टाटाच्या लोकांनी आमच्या जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका घेऊन गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची चाचणी केली. माझी मावशी त्यातलीच. पहिल्या दिवशी लाजून दारातनं परत आली. दुसऱ्या दिवशी तिच्या सासूनं, साठीच्या म्हातारीनं, हाताला धरून नेलं.

निकाल २००९ ला आला. एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर ज्या विषाणूमुळं होतो त्याची, एकदाच तपासणी, सापडलं तर उपचार, एवढ्यानं आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तपासणी न झालेल्या ३१ हजार बायकांत ६४ मृत्यू, एचपीव्ही तपासलेल्या ३४ हजारांत ३४. त्या ३१ हजारांना का तपासलं नाही म्हणून नंतर टीकाही झाली, आणि मला ती पटते. आईचं गाव तपासणीत नव्हतं, म्हणून असेल.

आणि एचपीव्ही लसीचा एक डोस पुरतो का, हेही भारतातल्या पोरींमुळेच बरंचसं कळलं. २००९ ला दोन डोस बरे की तीन, हे बघायला सुरुवात केली होती. २०१० ला सरकारनं अशा चाचण्या थांबवल्या आणि हजारो पोरींचा एकच डोस झाला. त्यांच्यावर लक्ष ठेवलं तर एका डोसचंही संरक्षण तितकंच निघालं. बार्शी त्यातही होती. काकू, तुम्ही पन्नाशीच्या आसपास असाल. बाळाच्या आणि मामांच्या कागदांत स्वतःची तपासणी राहिली असेल, तेवढी विचारून घ्या.

---

माग_बंद

काकू, आमचे वडीलही मागावरचेच. तुमचा प्रश्न वाचून हसू आलं आणि पोटात खड्डाही पडला.

मामा कुकरबद्दल बोलले ते अगदी खरं आहे. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वर आवाज कानावर पडला की आतल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात, त्या परत येत नाहीत. माग लावलेल्या खोलीत आवाज शंभराच्या घरात असतो. आधी वरच्या पट्टीचं ऐकणं जातं. म्हणून ‘आ’, ‘ओ’ कळतात, पण स, श, त, क गळतात. मामांना बोलणं ऐकू येतं, शब्द ऐकू येत नाहीत. तुम्ही मोठ्यानं बोललात की ‘आ’ मोठा होतो, ‘स’ काही परत येत नाही. दुकानदारानं मशीन सरसकट मोठं करून दिलं असणार, म्हणून शिट्टी डोक्यात आणि माणूस गायब. आधी कान-नाक-घसा डॉक्टरकडनं मळ काढून घ्या, मग ऑडिओलॉजिस्टकडं (ऐकण्याची तपासणी करणाऱ्याकडं) दोन्ही कानांचा आलेख काढा आणि त्या आलेखावर मशीन बसवायला सांगा. ओठ बघू द्या, ती सवय मोडू नका.

विसरभोळेपणाचं अर्धं खरं आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात टाळता किंवा लांबवता येण्याजोगी चौदा कारणं दिलीत, बहिरेपण त्यातलं मोठं. पण मशीन घातलं की आजार टळतो, असं नव्हे. अमेरिकेत २०२३ ला ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवरचा तीन वर्षांचा ‘अचीव्ह’ अभ्यास आला. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर मशीनवाल्यांत आणि बाकीच्यांत फरक नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता त्या गटात मात्र बुद्धीची घसरण ४८ टक्के कमी. दुकानदार फक्त ४८ सांगतो. मी वडिलांना मशीन लावलं ते आकड्यासाठी नाही. ते चारचौघांत बसेनासे झाले होते म्हणून.

---

चटणीवाली_काकू

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा, ऑर्डरी होत्या.

डॉक्टरांनी चट्टे बघितले, सौम्य आहेत म्हणाले, मलम दिलं, घरी सुरू करा म्हणाले. मंगळवारी सकाळी दहाला दिलं. लेक फोन हातात धरून दारात उभी, रिक्षावाल्याला खाली थांबवून ठेवलेलं! बाळानं तोंड वाकडं केलं, मग चमचाच ओढायला लागलं. काही झालं नाही. रिक्षावाल्याला अर्धा पाव चटणी दिली. आता आठवड्यातनं तीनदा देतो. मालिशला खोबरेल आणलंय. मावशी रुसल्या आहेत. उखळ मागच्या पत्र्याच्या खोलीत नेलंय, लेकीसाठी नाही, त्या भुग्यासाठी.

मामांच्या एका कानातनं वाटाण्याएवढा मळ निघाला. आलेखात वरची पट्टी जवळजवळ साफ गेलेली. जुनंच मशीन त्यांनी कॉम्प्युटरला जोडून नव्यानं लावून दिलं, दुसऱ्या कानाचं अजून घ्यायचंय, पैसे जमले की. पहिला आठवडा त्रासात गेला. भांड्यांचा आवाज डोक्यात जातो म्हणून दोनदा काढून फेकलं. चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी मागच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, ‘उखळ एवढा आवाज करतंय? मग मला चौदा वर्षं कुणी सांगितलं नाही.’ आता संध्याकाळी दोन-तीन तास घालून कट्ट्यावर बसतात.

तुळजापूरच्या ताई, माझी तपासणी पुढच्या सोमवारी आहे. वय ५१. आजवर एकदाही केली नव्हती. नंबर लावून ठेवलाय.

गणपा, अर्ध्या किलोचा भाव मेसेजमध्ये सांगते, इथं जाहिरात चालत नाही म्हणे.

आणि माग_बंद दादा, मशीनचा तो बटणासारखा सेल, ६७५ नंबरचा, आमच्याकडं मेडिकलवाल्यांकडं मिळेना. तुम्ही कुठनं घेता?

---

माग_बंद

नवी पेठेत घड्याळवाल्यांकडं विचारा, निळ्या पट्टीचं पाकीट असतं. वरचा कागद वापरायच्या वेळीच काढा, एकदा काढला की सेल उतरायला लागतो. आणि रात्री मशीनचं झाकण उघडं ठेवा.