घरी बांधायचा ऑफरोड कॅम्पिंग ट्रेलर: लीफ स्प्रिंग की ट्रेलिंग आर्म?

लोखंडी_काम (धागाकर्ता)

ऑस्ट्रेलियातल्या गिब रिव्हर रोड किंवा ऊडनाडाटा ट्रॅकसारख्या मातीच्या रस्त्यांसाठी घरच्या गॅरेजात ट्रेलर बांधायचा असेल, तर पहिला वाद सस्पेन्शनवरच होतो. माझं मत पक्कं आहे. पहिलाच ट्रेलर असेल तर सलग अ‍ॅक्सल आणि लीफ स्प्रिंग (एकावर एक पोलादी पाटे) लावा, स्वतंत्र ट्रेलिंग आर्म (प्रत्येक चाकाला वेगळा, पुढच्या टोकाला बिजागरीसारखा फिरणारा दांडा) घरी बनवू नका.

मुख्य कारण चाकांची सरळ रेषा. वेल्डिंगच्या उष्णतेने आर्म ओढला जातो. 750 मिमी व्यासाच्या टायरमध्ये पुढच्या आणि मागच्या कडेत फक्त 3 मिमीचा फरक पडला, तरी टायर दर किलोमीटरला 4 मीटर आडवा घासतो. गिब रिव्हर रोडच्या साधारण 660 किमीत हे घासणं अडीच किलोमीटरच्या वर जातं. सलग अ‍ॅक्सलला दोन्ही चाकं मुळातच एका रेषेत असतात. तुम्हाला फक्त कपलिंगच्या (ट्रेलर गाडीला जोडणारं पुढचं टोक) मध्यापासून दोन्ही हबपर्यंतचं (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) अंतर मोजून ते 2 मिमीच्या आत जुळवायचं आहे. टेप धरायला दोघं असले की झालं.

स्प्रिंग दोन्ही टोकांना डोळा असलेली घ्या, मागच्या बाजूला शॅकल (स्प्रिंगचं टोक मागेपुढे हलू देणारी झुलती कडी) लावा. मागचं टोक नुसतं घसरणारी स्लिपर स्प्रिंग स्वस्त पडते, पण ती बाजारहाटाच्या ट्रेलरसाठी ठीक.

लाल_माती

पूर्ण असहमत. तुम्ही बांधायला काय सोपं हे सांगताय, रस्त्यावर काय टिकतं हे नाही.

50 मिमी चौकोनी भरीव अ‍ॅक्सल 2 मीटर लांब धरला तर एकट्या सळईचं वजन 39 किलो होतं. हे सगळं वजन स्प्रिंगच्या खाली. रस्त्यावरच्या आडव्या लाटांवर ते दर सेकंदाला अनेकदा वरखाली आपटतं आणि एका चाकाचा धक्का थेट दुसऱ्या चाकाला जातो. शिवाय चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा आधी या सळईलाच लागतो.

चाकांच्या रेषेचा मुद्दा बरोबर आहे, पण त्यावर उपाय आहे. आर्म घरी बनवू नका. आडव्या बीमसकट तयार जोडणी मिळते, ज्यात पिव्होटला (आर्म जिथे फिरतो तो सांधा) चाकाची रेषा जुळवण्यासाठी शिम (पातळ चकती) किंवा एक्सेंट्रिक बोल्ट असतो. ती बोल्टने बसवा आणि भरलेल्या ट्रेलरवर अलाइनमेंट करून घ्या. रिकाम्या ट्रेलरवर केलेलं अलाइनमेंट माल भरल्यावर बदलतं, तिथेच लोक फसतात.

लोखंडी_काम

लाल_माती, तयार जोडणी घेतली तर माझा निम्मा आक्षेप संपतो हे मान्य. पण उरलेला निम्मा चॅसीचा आहे. ट्रेलिंग आर्म चाकाचा धक्का पिव्होटजवळच्या एकाच आडव्या बीमवर पिळासारखा टाकतो. लीफ स्प्रिंग तोच भार प्रत्येक बाजूला दोन हँगरवर (स्प्रिंगची टोकं चॅसीला धरणारे ब्रॅकेट) वाटते. 50×50×3 मिमी नळीच्या चौकटीवर आर्मची जोडणी नुसती चिकटवली, तर तडा ब्रॅकेटच्या वेल्डशेजारी जाणार. तिथे किमान 100×50×4 ची आडवी आणि उभी पट्टी हवी. मग वजन वाढतं, आणि वजन वाढलं की ब्रेकचा नियम लागतो.

वजनकाटा

ब्रेकचं नीट समजून घ्या, इथे बरेच घोळ होतात. ऑस्ट्रेलियात एका अ‍ॅक्सलच्या ट्रेलरला जीटीएम 750 किलोपर्यंत ब्रेक सक्तीचे नाहीत. जीटीएम म्हणजे गाडीला जोडलेला असताना ट्रेलरच्या चाकांवर येणारा भार. एकूण 820 किलोच्या ट्रेलरचे 80 किलो बॉलवर (गाडीमागचा गोळा, ज्यावर कपलिंग बसतं) गेले तर जीटीएम 740. कागदावर सुटलात, पण एक जादा पाण्याचा कॅन टाकला की गेलात. मी म्हणेन 600 च्या वर इलेक्ट्रिक ब्रेक लावाच.

बॉलवरचा भार एकूण वजनाच्या 10 टक्क्यांच्या आसपास ठेवा. टाकीची जागा हिशोबाने ठरवा. कपलिंग ते अ‍ॅक्सल 2800 मिमी असेल आणि 60 लिटरची टाकी अ‍ॅक्सलच्या 700 मिमी पुढे असेल, तर ती भरल्यावर बॉलवर 15 किलो वाढतात. तीच टाकी 1000 मिमी मागे लावली तर 21 किलो कमी होतात आणि ट्रेलर वेगात शेपूट हलवायला लागतो. टाकी अ‍ॅक्सलच्या जरा पुढेच ठेवा, म्हणजे पाणी संपलं तरी तोल फारसा बिघडत नाही.

आणि धागाकर्त्यांना एक विनंती. लीफ स्प्रिंग सांगताना तिची क्षमताही सांगा. 900 किलोच्या ट्रेलरला "मजबूत असावं" म्हणून 2 टनाची जोडी लावणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. पाटे वाकतच नाहीत, चाक उडतं, आणि धक्का ड्रॉबारला (ट्रेलरपासून कपलिंगपर्यंत जाणारा पुढचा दांडा) खावा लागतो.

लाल_माती

वजनकाटा यांच्या शेवटच्या मुद्द्याला +१. त्याला जोडून सांगतो, लीफ स्प्रिंग लावणारे शॉकअप लावत नाहीत. पाट्यांच्या आपसातल्या घर्षणावर विसंबतात. डांबरावर ते पुरतं, शेकडो किलोमीटरच्या लाटांवर नाही. पुढे पाटा डोळ्याशी किंवा सेंटर बोल्टच्या भोकाशी तुटतो.

लोखंडी_काम

शॉकअप हवेतच, त्यात वाद नाही. पण बारीक स्वस्त शॉकअप लाटांवर तापतो, तेलाचा फेस होतो, सील जातं. जाड नळीचा घ्या, टायरची हवा 28 पीएसआयच्या आसपास उतरवा आणि वेग कमी ठेवा. स्प्रिंग आवळून धरणारे यू बोल्ट मातीच्या पहिल्या 100 किमीनंतर पुन्हा आवळा. तुटलेला पाटा जॅक आणि दोन पान्यांनी रस्त्याकडेला बदलता येतो. आर्मचं फाटलेलं ब्रॅकेट बदलता येत नाही, आणि माझ्या लेखी निर्णय इथेच होतो.

ठिणगी

सस्पेन्शनवर इतकं भांडताय, पण ट्रेलर बहुतेकदा ड्रॉबारशी मोडतो. ए-आकाराच्या पट्ट्या बॉडीच्या पुढच्या कडेला संपवू नका, स्प्रिंगच्या पुढच्या हँगरपर्यंत आत न्या. बॉडीतून बाहेर पडते त्या जागी पट्टीच्या वरच्या-खालच्या बाजूला आडवा वेल्ड मारू नका, फक्त लांबीच्या दिशेने मारा. आडव्या वेल्डच्या कडेपासूनच तडा सुरू होतो. जोडपट्टीची टोकं निमुळती कापा. वायर नेण्यासाठी भोक पाडायचं तर पट्टीच्या उंचीच्या मध्यावर, खालच्या बाजूला कधीच नाही.

गॅल्वनाइझ करणार असाल तर प्रत्येक बंद नळीला दोन्ही टोकांना भोकं ठेवा. जस्ताचं भांडं सुमारे 450 अंशांवर असतं. बंद नळीत अडकलेल्या हवेने आणि ओलाव्याने नळी फुटते, तिथल्या कामगाराचा जीव जाऊ शकतो.

सह्याद्री_४बाय४

पुण्याहून विचारतो. हेच माप घेऊन इथे थारमागे ट्रेलर बांधावा का? माझं मत नाही असंच आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही मोटार वाहनाच्या व्याख्येत येतो, म्हणजे नोंदणीशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. आणि घाटातल्या अरुंद वळणावर समोरून एसटी आली तर ट्रेलरसकट मागे घेणं भल्याभल्यांना जमत नाही. आपल्याकडे छतावरचा तंबू आणि मागे लाकडी कप्पे हेच बरं.

लोखंडी_काम

सहमत. हा धागा जिथे गाव ते गाव 300 किमी अंतर आहे आणि पाणी-इंधन सोबत न्यावं लागतं तिथल्यासाठी आहे.

वीजतंत्री

एक राहिलं. गाडीतून ट्रेलरच्या बॅटरीला 25 अँपिअर न्यायचे असतील तर 6 चौ. मिमीची वायर पुरत नाही. जाऊन-येऊन 12 मीटरमध्ये जवळपास 0.9 व्होल्ट पडतो. 16 चौ. मिमी घेतली तर 0.33. डीसी-डीसी चार्जर (पडलेला व्होल्टेज पुन्हा वाढवून बॅटरी भरणारं यंत्र) ट्रेलरच्या बॅटरीशेजारी बसवा आणि फ्यूज गाडीच्या बॅटरीपाशी.

लाल_माती

आणि हब. लीफ असो वा आर्म, तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. ओढा ओलांडण्याआधी थांबून हब निवू द्या. दोन दुहेरी कडांची सीलं, एक पूर्ण बेअरिंग संच आणि ग्रीस ट्रेलरमध्येच असू द्या. चाकं आणि बोल्टची मांडणी गाडीसारखीच ठेवा, म्हणजे स्टेपनी दोन्हीकडे चालते. सस्पेन्शनवर मात्र माझं मत बदललेलं नाही.